किती प्रार्थना लांब

पहाटे तीन वाजून सोळा मिनिटं.
सान्तियागोत, तिसऱ्या मजल्यावर, मी एकटाच
कॉफीत साखर ढवळत होतो
तेव्हा दक्षिणेकडचं एक स्टेशन दचकलं,
मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं,
आडरानात एकामागून एक कुत्री भुंकत जावीत तसं.

छप्पन्न सेकंदांत यंत्रानं आकडा टाकला:
सात पूर्णांक चार.
मी त्याच्याकडे पाहिलं
गिऱ्हाईक तराजूकडे पाहतं तसं,
पारड्यावर कुणाचं बोट तर नाही ना.

शितावरून भाताची परीक्षा, हेच माझं काम.
पण हे शीत अजून शिजतच होतं
आणि पातेलं चारशे किलोमीटर लांब.
समुद्राखाली खडक उसवत चालला होता उत्तरेकडे,
सेकंदाला अडीच किलोमीटर,
एक टाका, मग पुढचा.
जे अजून फाटलंच नाही
त्याचं माप कशानं घ्यायचं?

आखूड लाटा कांगावखोर.
सातचा असो की नऊचा,
त्यांचा घसा तेवढाच, ओरडणंही तेवढंच.
खरं सांगतात त्या लांब लाटा,
दोन-दोन, तीन-तीन मिनिटांत एक श्वास घेणाऱ्या,
कागदावर जवळजवळ दिसतही नाहीत,
फक्त रेघ हलकेच कलते,
पोटुशी बाई खुर्चीत बसताना कलते तशी.
त्यांच्यासाठी थांबायचं.
थांबायचं, आणि तिकडे किनारा झोपलेला.

त्या किनाऱ्यावर माझी आत्या, ओर्फेलिना.
जन्मभर ओहोटीच्या खडकांवरून कोचायुयो कापते,
ते चामड्याच्या पट्ट्यासारखं समुद्री शेवाळ,
आणि जुड्या बांधून बाजारात विकते.
पूर्वी पाद्री दप्तरात लिहून ठेवत:
भूकंप झाला, दोन क्रेदो लांब.
घड्याळं नव्हती. श्रद्धेची ती प्रार्थना पाठ होती सगळ्यांना.
आमच्या प्रमुख एदुविहेस बाई ती दप्तरं वर्गात आणायच्या
आणि आम्ही हसायचो.

आत्या जमिनीवर ओणवी, रांगत्या मुलासारखी.
भांडी पडली, दिवा पडला, ती म्हणत राहिली.
पहिली प्रार्थना संपली. दुसरी.
तिसऱ्या वेळी पोन्तियो पिलातोच्या नावापाशी आली
आणि जमीन थांबायचं नाव घेईना,
तेव्हा आमेनची वाट न बघता ती उठली,
शेजारच्या घराचं दार लाथेनं उघडलं,
पोरगं काखेत मारलं, टेकडीला लागली.
कवळी राहिली ती राहिलीच.

इकडे सात पूर्णांक नऊ.
नियम सांगतो, पुढच्या आकड्यासाठी थांबा.
मी नौदलाला फोन लावला, म्हणालो:
वाढतोय.
"किती?" पलीकडचा आवाज झोपेतला, तरणा.
वाढतोय, एवढंच लिहा.
"साहेब, त्याला रकाना नाही."
मग मी आठ पूर्णांक पाच म्हणालो.
यंत्रानं म्हटलं नव्हतं. मी म्हणालो.
हात थरथरत होता की इमारत, सांगता येत नाही,
तोवर लाटा आमच्यापर्यंतही पोचल्या होत्या.

दीड मिनिटानं पडदा बोलला: आठ पूर्णांक तीन.
मग एका किनारी शाळेच्या छतावरचा जीपीएस
दोन मीटर पश्चिमेला सरकलेला दिसला,
म्हणजे शाळाही, फळ्यासकट, घंटेसकट.
मग आठ पूर्णांक सहा.
मी खुर्चीत मागे टेकलो, बरोबर ठरल्याचा
आनंद झाला मला. एक क्षणभर.
तो अजून विसरता येत नाही.

आत्या आता वरच्या वाडीत राहते.
परवा विचारलं तिनं,
"शेवटी केवढा निघाला रे तुमचा?"
मी सांगितलं, दशांशासकट,
आणि हेही की एका संशोधकानं मागच्या महिन्यात
तो पुन्हा किंचित कमी केलाय.
तिनं शेवाळाची जुडी गुडघ्यावर आवळली.
"कमी कसा होईल," म्हणाली,
"मी मोजलाय."