वाइकेचं निरोपाचं भाषण
(तार्तू, एस्टोनिया)

दहा मिनिटं बोला, म्हणालात.
त्या दलदलीत एक सेंटिमीटर साचायला दहा वर्षं लागतात,
म्हणजे माझी सगळी नोकरी चार सेंटिमीटरला जरा कमीच.
हसू नकोस टार्मो, फूटपट्टी आण.

लोक विचारतात, काय शोधलंत?
शोधलं कुठलं, मोजलं.
एका काचेवर पाचशे परागकण,
बर्च, पाइन, ऑल्डर, पुन्हा बर्च, बर्च,
डाव्या अंगठ्याखाली गणकयंत्र टकटकत राहायचं.
घरी पावावरची खसखससुद्धा मोजायचे.
एंडेल म्हणायचा, वाइके, जेव गं.
तो गेला त्या मार्चमध्ये एकही कण मोजला नाही.
तक्त्यात तेवढा महिना कोरा आहे,
कुणीच विचारलं नाही का.

आता जे सांगायचं राहिलं ते.
दोनशे चौदाव्या सेंटिमीटरला
मी 'राय' लिहिलं.
ते रानगवत होतं, ग्लिसरीनमध्ये फुगलेलं.
पण मला तिथे कुणीतरी पेरणारं हवं होतं,
दोन हजार वर्षांमागे, त्या ओल्या काळोखात,
मूठ उघडणारं कुणी.
लोक राईचा पर्वत करतात,
मी रायच्या एका कणाचं गाव वसवलं.
आणि माझ्या सगळ्या लेखांत
चाललं ते नेमकं तेच गाव.

चूक कळली चार वर्षांनी.
दुरुस्तीचं पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं,
आणि त्याच ऑगस्टमध्ये देश बदलला.
पुढे ते तिकीट बाद झालं.
नवं तिकीट काही फार महाग नव्हतं.
तेवढंच म्हणते मी,
फार महाग नव्हतं.

हे घे लीस, ते पाकीट.
सोबत काच आहे, कोपरा थोडा उडालाय.
तू बघ. आधी माझं लिहिलेलं वाचू नकोस.
तुला राय दिसलीच, तर मला फोन कर,
रात्री उशिरा केलास तरी चालेल.

बाकी आभार वगैरे उलो मानेल,
त्याला ते छान जमतं.
केक कापा.
माझे गुडघ्यापर्यंतचे बूट खाली तळघरात आहेत,
डावा गळतो,
कुणाला हवे असतील तर
आधी सांगितलेलं बरं.