तिसरं बटण

कागदावर लिहिलेलं असायचं: माल क्युबाला.
धक्क्यावरचा कारकून मान वर न करता शिक्का मारायचा
आणि आमची जुनी फोर्ड
गोठलेल्या नदीवरून क्युबाला निघायची.
समोर मैलभरावर डेट्रॉइटचे दिवे.

आदेलार चालवायचा, कारण गाडी त्याच्या मामाची.
रोझेर मागे, पोत्यांना मिठी मारून.
मी बाहेर, फुटबोर्डवर,
एका हातात बांबू, कान खाली बर्फाकडे.
तिघंही मुळ्याच्या वाफ्यांतली पोरं.
उन्हाळाभर जुड्या बांधून जे मिळायचं
ते इथं एका खेपेत, तेही ओल्या नोटांत.

मामाचा नियम एकच.
दिवे बंद, दारं उघडी.
बर्फ फुटला तर उडी आधी, देवाचं नाव नंतर.
पलीकडच्या काठावर दारूबंदी,
आमच्या गाडीत दार-बंदी:
कुणी लावायचं नाही, कडाका कितीही असो.

फेब्रुवारी सरत आलेला.
माझ्या कोटाला वास यायला लागला होता
म्हणून आईनं काही न विचारता
तो बादलीत बुडवून ठेवलेला.
रोझेरनं स्वतःचा काढून दिला.
"तू बाहेर उभा राहणार. मी काय, आतच आहे.
तिसरं बटण गेलंय, हातानं धर.
आणि आईला सांगू नकोस."

निम्म्या वाटेवर बर्फ बोलला.
मी ओरडलो का, ते आठवत नाही.
आदेलार डावीकडे पडला, मी उजवीकडे,
पोटावर सरपटत लांब गेलो,
मग मागं पाहिलं.
गाडी नाकावर उभी होती
आणि मागचं दार लावलेलं होतं.

गारठला असणार.
ओढून घेतलं असणार, घटकाभर,
कुणीही घेतं तसं.

थोडा पेंढा वर आला, बाटल्यांभोवतीचा.
बाकी काही नाही.

कोट मी त्याच्या घरी नेला.
अंगातच होता; काढून हातात धरायला जमेना.
त्याच्या आईनं खिशात हात घातला,
अर्धं खाल्लेलं सफरचंद निघालं,
ते तिनं टेबलावर ठेवलं, दातांची बाजू वर करून.
मग माझ्यापुढे उभी राहून
गळ्यापासून एकेक बटण लावत आली.

तिसऱ्यापाशी बोटं थांबली.
"हे कधी गेलं?"