कानाऐवजी

दादाला झाला तेव्हा सुया होत्या.
रोज एक, रविवार सोडून, आठ महिने.
आज डावा कुल्ला, उद्या उजवा.
बोपोडीच्या खोलीत तो
उशीवर बसायचा बाळंतिणीसारखा
आणि वर स्वतःच हसायचा.

पाचव्या महिन्यात म्हणाला,
कुकरची शिट्टी कुठं गेली?
शिट्टी जागेवरच होती.
आम्हाला वाटलं, थट्टा करतोय.

भोसरीला लेथवर होता चांगूदादा.
पलीकडच्या मशीनचं टूल बोथट झालं
तर इकडून सांगायचा, नुसतं ऐकून.
मालक त्याला हाकच मारायचा, 'ए कान!'
तोच औषधानं नेला.
डॉक्टर म्हणाले, जीव वाचला ना.
वाचला.
दोन वर्षं गोळ्या, एक जीव, वजा दोन कान:
हा हिशेब घरात कुणी मोठ्यानं केला नाही.
केला असता तरी
ज्याचा होता त्याला ऐकू गेला नसता.

दहा वर्षांनी मी.
थुंकीची डबी, खिडकीआडचं मशीन,
आणि दुपारच्या चहाआधी उत्तर:
नेहमीच्या औषधाला दाद देत नाही.
मी कान झाकून घेतले. खरंच,
दोन्ही हातांनी, दुधाणे सिस्टरच्या टेबलापुढं.
ती म्हणाली, अगं, सुया नाहीत आता.
सहा महिने. नुसत्या गोळ्या.
बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड,
चौथ्या नावाला मला दम लागला.

हे तेव्हा नव्हतं का, मी विचारलं.
तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
होतं कुठंतरी, म्हणाली.
आपल्यापर्यंत यायचं होतं.

सोपं काही नव्हतं.
तिसऱ्या महिन्यात तळपाय मुंग्यांनी नेले,
खाली फरशी आहे की गोधडी, कळेना.
रक्त उतरलं, एक गोळी अर्धी झाली.
ईसीजीच्या गार चकत्या छातीवर लावून
एक पोरगी पट्टीनं मोजायची
कागदावरच्या छोट्या डोंगरापासून
मोठ्या डोंगरापर्यंतचं अंतर.
वाढलं तर? मी विचारायची.
ती म्हणायची, हलू नका.
औंधच्या पाळणाघरातलं काम गेलं.
बाईंनी फोनवरच सांगितलं,
ताई, ताई, म्हणत.

दादा रोज सकाळी दापोडीहून पूल ओलांडून यायचा,
वर्तमानपत्रात चार अंडी.
गोळ्या माझ्या तळहातावर मोजायचा,
ओठ हलवत, आवाज न काढता,
आणि मग उरलेला सगळा आवाज एकदम काढायचा:
"मंदे, टीबीच्या सगळ्या घेतल्यास?
ऐकू येतंय ना?"

चार महिने मी जे पदराआड खोकत होते
ते सबंध गल्लीला कळलं.
समोरच्या मुंढेकाकूंनी दार लावून घेतलं.
दोन दिवसांनी उघडलं,
वाटीभर मेथीची भाजी घेऊन.

येतंय, मी मान हलवायची.
येतच होतं सगळं:
खडकीकडं जाणारी गाडी, नळाचं पाणी,
त्याच्या चपलेचा सुटलेला अंगठा
पायरीवर फट् फट्.
कधी कधी वाटायचं,
त्याच्या ताटातलं उचलून खातेय मी.

सव्विसावा आठवडा.
शेवटची पट्टी रिकामी झाली,
ती त्यानं घडी करून खिशात ठेवली. का, कोण जाणे.
मग म्हणाला, वळ.
पाठीवर तळहात टेकला, सपाट,
कान गेल्यावर मशीनवर टेकायला शिकला होता तसा,
पोलादातून थरथर शोधत.
घे श्वास.

मी घेतला.
बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.
अजून दोन वर्षं डबी घेऊन जायचंय अधूनमधून,
सिस्टरनं तारखा लिहून दिल्यात.
तळपाय अजून निम्मेच आलेत परत.

"धार आहे," तो ओरडला.

आणि हात न काढता,
"पुन्हा घे."