अर्धं वल्हं

तेराव्या वर्षी अर्ध्या वल्ह्यानं हरलो
समडोळीच्या होडीकडून,
आयर्विन पुलाखाली, नदी तांबडी असताना.
घरी येऊन जेवलो नाही.
रात्री घाटावर गेलो
आणि आमच्याच होडीला दगड मारले.
सातव्या दगडाला फळी तडकली.
मग आठवडाभर डांबर लावत बसलो.
वडील शेजारी विडी ओढत बसायचे, बोलायचे नाहीत.
एक शिवी दिली असती तरी चाललं असतं.

चोविसाव्या वर्षी हरिपूरला ढाल आणली.
हलगी, गुलाल, उसाची रिकामी ट्रॉली.
मुद्दाम वाकडी वाट करून
समडोळीतनं नेली मिरवणूक,
बाबगोंडाच्या दारावरून.
त्याची आई ओट्यावर शेंगा फोडत होती.
तिनं एकदा वर बघितलं
आणि पुढची शेंग घेतली.

मधली वर्षं मार्केट यार्डात गेली, तोलाईला.
हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे.
कोण जिंकलं, कोण बुडालं
ते दोन माणसांच्या बोटांनाच ठाऊक.
मला ते आवडू लागलं.
ढालीमागं चिमणीनं घर केलं,
आणि सोबतच्या कपात बायको
पिना, हुक, मशिनचा दोरा ठेवायची.
कुणी विचारलंच तर मी म्हणायचो,
ते होय, पोरपणातलं.

आता सदुसष्ट.
बाबगोंडा मोपेडवर येतो संध्याकाळी,
आम्ही घाटावर पाय सोडून बसतो.
परवा मी बोलून टाकलं:
एकोणऐंशीला तुझी होडी पुढं होती.
पंच आमचा पावणा होता.
त्यानं कवळी काढली, नदीत खळबळली,
परत बसवली.
म्हणाला, म्हाईत हाय की.
आई पुलावर हुती त्या दिवशी.
अन् खिशातनं मूठभर शेंगा काढल्या.
निम्म्या मला दिल्या.
मोजून नाही.

मला वाटलं, झालं. फिटलं.
हार आणि जीत, एकाच नदीचे दोन काठ,
असं काहीबाही नातीला सांगितलंसुद्धा.
स्वरांजली वल्ह्याला तेल लावत होती,
ऐकल्यासारखं केलं तिनं.

काल मुलींची शर्यत झाली.
सांगलीवाडीची होडी अंगावर आली तशी
मी कठड्यावर चढलो,
नको ते बोललो, पंचाला, त्याच्या बापाला,
आणि पायातली चप्पल हवेत.
चप्पल वाहत गेली
दोन्ही होड्यांच्या पुढं.
बाबगोंडा इतका हसला
की त्याला खाली बसवावं लागलं.

स्वरांजली अर्ध्या वल्ह्यानं हरली.

रात्री ती जेवली नाही.
मी एका पायात चप्पल घालून
तिच्या दाराशी दोनदा गेलो.
काठांचं ते वाक्य तोंडात आलं,
गिळलं.
उंबऱ्यावर भडंगाची पुडी ठेवली
आणि अंगणात बाजेवर पडलो, जागाच.

पहाटेकडं कडी वाजली.
ती घाटाकडं निघालेली.
मी हाक मारली नाही.
फक्त डांबराचा डबा
कोनाड्यातनं काढून
तिला दिसेल असा ठेवला.