उंबरठा: पन्नास टक्के

वाइके आत्याची लोकरीची गिरणी हियुमा बेटावर,
कायना गावाबाहेर, जिथे रस्ता संपायचं विसरून
लव्हाळ्यात शिरतो.
नोव्हेंबरात तिची वेबसाइट करायला घेतली.
ती म्हणाली, "काही हलूबिलू नको. लोकर आहे ती, मेंढी नव्हे."
मी ऐकलं नाही.

प्रत्येक चित्र आधी अदृश्य केलं,
जागेपासून चाळीस पिक्सेल खाली ढकललं,
आणि पडद्याच्या काठाशी एक राखणदार बसवला.
कुणी बोटानं पान वर सारलं
की येणाऱ्याकडे नीट बघायचं.
अर्धं अंग आत आल्याशिवाय
कुणाला जागं करायचं नाही.
कोडमध्ये लिहिलं एवढंच: ०.५
त्या आकड्याचं नाव उंबरठा.
आत्याच्या घराचा ओकाचा आहे,
मधोमध झिजून वाटीसारखा झालेला.

मग हातमोजे आले.
एकेक जोडी, खालून वर, सहाशे मिलिसेकंदांत,
शेवटाला किंचित रेंगाळत.
आठ टोकांच्या चांदणीचे, नागमोडी वेलाचे,
आणि लाल काठाचे लहान मुलांचे,
हे दीडशे मिलिसेकंद उशिरा, मुद्दाम.
मुलं मागे राहतातच.
तालिनच्या भाड्याच्या खोलीत, माझ्या भल्यामोठ्या स्क्रीनवर
रात्री दोनपर्यंत तेच पान वर-खाली केलं.
सगळ्यात शेवटी शाल.
अडीच मीटर, मेंढीच्या मूळ करड्या रंगाची,
उभा, लांबलचक फोटो.
ती उगवायची तेव्हा मी श्वास धरून असायचे.

डिसेंबरात हातमोजे गेले हेलसिंकीला, ब्रेमेनला,
एक जोडी चक्क ओसाकाला.
शाल एकही नाही.
आत्या फोनवर म्हणाली,
"बायकांनी खांदे झाकायचं सोडलेलं दिसतंय."
आणि मागावर चादर टाकली.
ते मला उशिरा कळलं.

फेब्रुवारीत समुद्र गोठला, मी बेटावर होते,
तेव्हा एंडेल आला गिरणीत. जुना फेरी-कप्तान,
खिशात नातवानं टाकून दिलेला बोटभर फोन.
"तुझ्या पानावर," तो म्हणाला, "हातमोज्यांच्या पुढे
एवढं पांढरं का आहे?
मला वाटलं, बर्फावरचा रस्ता.
पलीकडे काहीतरी लागेल म्हणून सरकवत गेलो,
तर लागला नुसता तुमचा पत्ता.
आणि ते हातमोजे उड्या का मारतात?
कान बिघडल्यापासून तोल राहत नाही माझा.
चाळीस वर्षांत बोट लागली नाही मला,
तुझे हातमोजे लागले."

मी फोन हातात घेतला.
शाल तिथेच होती,
आपली सगळी जागा अडवून, न दिसता.
त्या एवढ्याशा काचेत ती कधी अर्धी मावलीच नव्हती.
डोकं आत, तर पाय बाहेर.
पाय आले, की डोकं गेलेलं.
फार तर तिसरा हिस्सा,
आणि माझा राखणदार, दिल्या शब्दाला जागणारा,
सबंध हिवाळा तिला सांगत बसलेला:
अर्धी ये. आधी अर्धी ये.

आत्याला समजावून सांगितलं.
"म्हणजे ती दारात उभी होती," ती म्हणाली,
"आणि तू दार लहान केलंस."
दार ज्याचं त्याचं असतं, आत्या.
मी उंबरठा उंच केला.

तिथेच, मागाजवळच्या स्टुलावर,
०.५ खोडून ० केलं.
एक ठिपका जरी आत आला, तरी ऊठ म्हण.
वर आणखी एक ओळ:
ज्यांना हालचाल सोसत नाही,
त्यांना सगळं आधीच मांडून ठेव.
एंडेलच्या फोनमध्ये ती खूण करून दिली.

त्यानं पुन्हा अंगठा फिरवला.
हातमोजे गप्प बसून होते.
पुढे करडा रंग सुरू झाला, आणि बराच वेळ संपेना.
अंगठा एका जागी थांबला,
झालरीच्या जरा वर.
"महाग आहे," तो म्हणाला,
आणि फोन खिशात टाकला.

आत्या मागावरची चादर काढत होती.