कारण : इतर

चाळीस मिनिटं नीट चालतो.
मग आकाशाच्या जागी लाल फुली,
उंचीच्या जागी लाल फुली,
वेगाच्या जागी…
जणू कुणा मास्तरानं
अख्खा पेपरच चूक ठरवला.

तृप्ती रहांगडाले, वय एकोणीस, विमानात एकटी,
या फुल्यांसमोर बसून
वैनगंगेची पांढरी वाळू धरत धरत परत आली.
उतरल्यावर दोन तांबे पाणी प्याली
आणि म्हणाली, सर, होकायंत्र डावीकडं जरा अडकते.
तेवढं बघून घ्या.

हँगरच्या सावलीत मी पडदा चालू केला.
शहाण्या पोरासारखा लगेच उजळला :
वर निळं, खाली तपकिरी, एकही फुली नाही.
नोंदवहीत लिहिलं, ‘दोष आढळला नाही’.
अकरा वर्षं हे वाक्य लिहितोय.
दर वेळी पेन थोडं दाबून धरावं लागतं.

कंपनीला कळवलं. तिकडं रात्र.
यंत्रानं उत्तर दिलं, आपला प्रश्न मोलाचा आहे,
आणि सात आकडी तिकीट क्रमांक.
मग डॉना नावाची बाई, भाषा फार गोड :
अनुक्रमांक पाठवा.
सॉफ्टवेअरची आवृत्ती पाठवा.
दोष दिसत असताना व्हिडिओ काढा.
बाई, दोष दिसतो साडेतीन हजार फुटांवर
आणि तेव्हा त्या पोरीचे
दोन्ही हात कामात असतात.

चौथ्या पत्रात कळलं,
हे मॉडेल आता बनत नाही.
बदली यंत्र मिळेल, जुनं आधी पाठवा.
किंमत वाचून क्लबचे सचिव गभणे
खुर्चीवरून उठले, पंख्याखाली जाऊन उभे राहिले.
‘एवढ्यात माह्या राईस मिलची
नवी मशीन येते ना गा.’
आणि पेटी कस्टममध्ये किती दिवस पडेल
हे डॉनाला ठाऊक नव्हतं,
नागपूरला तर कुणालाच.

मे चढत गेला.
पान्याला हात लावला की चटका बसायचा.
गोंदियाहून रोज बर्फाची लादी यायची,
निम्मी वाटेतच सांडून.
सेवकराम उइके धावपट्टीवरची गुरं हाकलून आला,
गमछानं मान पुसली, विमानाच्या नाकाकडं बघत म्हणाला,
‘साहेब, हे कुंभारीण रोज आत कायले जाते जी?’

झाकण काढलं.
पडद्याला वारा देणारी अंगठ्याएवढी नळी,
आणि नळीत तळ्याकाठची काळी माती :
पाच खोल्या, एकीला एक लागून,
प्रत्येकीत कोळी, जिवंत पण निपचित,
न जन्मलेल्या लेकरांची शिदोरी.
आतली भिंत इतकी गुळगुळीत
की मला माझ्या सोल्डरची लाज वाटली.

मोडल्या मी. मोडाव्याच लागतात.
चिमट्यानं, एकेक.
सेवकराम तोवर दुसरीकडं बघत होता.

रात्री डॉनाला लिहिलं.
तिकीट बंद करायला कारण निवडा, म्हणाला फॉर्म :
वायरिंग, वीजपुरवठा, सॉफ्टवेअर, वैमानिकाची चूक.
मी निवडलं, इतर.
खाली वीस अक्षरांची जागा.
‘कुंभारीण’ लिहिलं,
तर तांबड्या शाईत : अवैध अक्षरे.
मग त्यांच्या लिपीत एकच शब्द टाकला, माती.
ताबडतोब स्वीकारला.
आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

आज तृप्ती पुन्हा वर आहे.
मी घड्याळ घेऊन उभा.
एकोणचाळीस. चाळीस.
एकेचाळिसाव्या मिनिटाला रेडिओत खरखर,
मग तिचा आवाज, जेवायला बसल्यासारखा :
‘निळं आहे, सर. होकायंत्र अजून अडकते.’

नळीसाठी केलेलं लाल फितीचं बूच
उड्डाणाआधी काढून ठेवलं होतं टेबलावर.
त्याच्यावर आता ती येऊन बसलीय,
पायात ओल्या मातीची गोळी,
दार शोधत.