सत्तेचाळीस

पहाटे डेअरीचा पत्रा गार असतो.
मी स्टुलावर बसून
पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर जावा गिरवते.
लाइन साडेआठला येते,
तोवर कॉम्प्युटर मीच.

आय बरोबर एक. हे एकदाच,
शटर उचलावं तसं.
मग अट : आय सत्तेचाळीसहून लहान आहे का?
असेल, तर महिरपी कंसातलं काम :
झाकण काढ, ढवळ, नमुना घे, फॅट लिही.
त्यानंतर कुठं आय एकानं वाढतो
आणि पुन्हा अटीच्या दारात उभा राहतो.
मी आधी वाढवायची, मग मोजायची,
पहिली कॅन दर वेळी सुटायची.
पहिली कॅन शालिक ढोबळ्यांची.
ते सोडतात होय!

"काय लिहून राह्यली वं?"
"लूप, काका."
"लिही मंग. पन आमचं दूध घे आधी."

काल लाइन आली तसं घाईनं टाइप केलं.
फॉरच्या कंसामागं
बोटातून एक अर्धविराम सांडला.
शेहेचाळीस फेऱ्या झाल्या
आणि एकाही फेरीत काही घडलं नाही.
कॅनी आल्या, गेल्या,
कुणी झाकणाला हात लावला नाही.
शेवटी पडद्यावर एकच आकडा : ४७.

नागपूरहून शेषराजदादा फोनवर हसला.
अर्धविराम काढ, म्हणाला,
आणि आय बाहेर जाहीर केलास ना, म्हणून तो उरला.
काम शेहेचाळीसदा होतं,
विचारणं सत्तेचाळीसदा.
शेवटचं उत्तर नाही असं आलं
की मगच थांबता येतं.

रजिस्टरात सत्तेचाळीस नंबर तुळसाबाई चोपडेंचा.
त्यांची गौळाऊ दसऱ्यापासून आटली.
सचिव म्हणतात, नाव खोड.
मी पेन शोधत असते.

आज शेहेचाळीसावी कॅन रिकामी झाली,
आर्वीचा टेम्पो हॉर्न देऊ लागला.
सवयीनं मान वर केली :
"अजून कोणी?"

पायरीवर तुळसाबाई,
हातात कडीची छोटी किटली.
"पावशेर दे वं पोरी. चहापुरतं."

मी माप बुडवलं,
वर थोडं जास्तीचं ओतलं.
पैसे त्यांनी पदराच्या गाठीतून काढले, मोजून दिले.
हे कोणत्या कंसात लिहायचं
ते दादाला विचारायचं राहिलं.